मापाची दोरी

"आता पँट लांब होते, अण्णा," म्हणत सुकन्यानं कराटेच्या ड्रेसचं पुडकं तिसऱ्यांदा काउंटरवर ठेवलं.

शंकरनं कपाळाला हात लावला. सुभाष रोडवर खेळाच्या सामानाचं दुकान चालवता चालवता त्याचे केस पांढरे झाले होते, पण एकाच ड्रेसनं इतका पिच्छा पुरवलेला त्याला आठवत नव्हता.

"परवा म्हणालात घट्ट होतो, म्हणून मोठा दिला. हे ड्रेस उंचीवर येतात, बाई. दीडशे सेंटिमीटरचा घ्या, नाहीतर एकशेसाठचा. मधला कुणी काढत नाही, मी तरी काय करू?"

"उंची दीडशेच आहे. पण पन्नाशीची बाई आहे. कमरेत बसत नाही."

"मग जाड कापडाचा घ्या की. त्यात रुंद माप येतं."

"त्याला दुप्पट पडतात. घरखर्चातून वाचवून घेतेय ती. आणखी मागायची सोय नाही."

सुकन्या जवळच्याच शाळेत शिकवायची. ड्रेस मैत्रिणीचा आहे, असं ती पहिल्या दिवसापासून सांगत होती. रविवारी मालमड्डीतल्या हॉलमध्ये बायकांच्या बॅचची पिवळ्या पट्ट्याची परीक्षा होती. मागच्या परीक्षेला ही मैत्रीण कुणाचा तरी मागून आणलेला ड्रेस घालून गेली, पायघोळ पँटमध्ये पाय अडकून सगळ्यांसमोर पडली आणि सरांनी तिला बाजूला बसवलं. या वेळी मापाचा ड्रेस नसला तर तिला उभंच करणार नव्हते.

"मग तिलाच घेऊन या. आत जाऊन घालून बघू दे."

"तिला इथं यायला जमत नाही."

शंकर मनातल्या मनात हसला. मैत्रीण कसली, ही स्वतःच असणार. सुकन्याही तशी ठेंगणी-ठुसकीच होती. सांगायला लाज वाटते, दुसरं काय!

सुकन्यानं पर्समधून परकराची एक जुनी नाडी काढली. तिला गाठी मारल्या होत्या. "हे माप. टोकापासून पहिल्या गाठीपर्यंत हात, दुसरीपर्यंत पाय, शेवटच्या गाठीपर्यंत कंबर. एवढं अल्टर करून द्या."

"आयतु, बरं, द्या इकडं," म्हणत त्यानं ती दोरी पँटच्या खिशात कोंबली. "उद्या न्या. पण आता परत बदलून मिळणार नाही, सांगून ठेवतो."

दुकानातली शिलाईची कामं त्याची बायको सरस्वती घरी करायची. संध्याकाळी त्यानं पुडकं तिच्या मशीनजवळ टाकलं आणि जेवताना सगळा राग काढला.

"त्या मास्तरणीनं डोकं उठवलंय नुसतं! बाई कसली, ज्वारीचं पोतं हाय. माप म्हणून कुठं सापडंना. आणि या वयात लाथा झाडायच्या म्हणे!"

सरस्वतीनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. "तूप संपलंय," ती म्हणाली.

"सकाळी तर डबा भरलेला होता."

"संपलं."

शंकरनं कोरडी भाकरी मोडली. "तुझं बरं हाय. भजनाला जातीस, गप घरी येतीस."

हे तो अगदी मनापासून बोलला. गेल्या वर्षी गळ्यातली साखळी ओढणाऱ्यांनी सरस्वतीला भर रस्त्यात पाडलं होतं. तेव्हापासून ती कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटी जायची नाही. सकाळचं भजनी मंडळ लागलं आणि तिची भीती पळाली. देवानं हात दिला, असं शंकर भेटेल त्याला सांगायचा.

"पडलेल्या बाईला हसू नये," सरस्वती एवढंच म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

सकाळी ड्रेस इस्त्री करून तयार होता. सुकन्या आली, पुडकं न उघडताच पिशवीत घालून गेली. शंकरनं सुटकेचा निःश्वास सोडला. दुपारी दुकान बंद करायला किल्ली शोधताना त्याच्या हाताला ती नाडी लागली. तो तसाच घरी गेला.

"अगं, मापाची दोरी माझ्याच खिशात राहिली! तू कशावरनं कापलीस पँट?"

सरस्वती मेथी निवडत होती. "अंदाजानं."

"अंदाजानं? उद्या परीक्षा हाय तिची! परत पाय अडकून पडली म्हणजे?"

"नाही पडायची."

"तुला काय ठाऊक?"

सरस्वतीनं मान खाली घालून मेथीची काडी मोडली.

उरलेला दिवस शंकरला चैन पडलं नाही. बाईनं छळलं होतं हे खरं, पण आपल्या दुकानातल्या ड्रेसपायी तिचं चारचौघांत हसं व्हावं, हे काही त्याला पटेना. रविवारी उठला तर सरस्वती भजनाला गेलेली. त्यानं दुकान उघडून जाड कापडाचा रुंद ड्रेस काढला. पैसे मागायचे नाहीत, असं ठरवून स्कूटर मालमड्डीकडे हाणली.

हॉलमध्ये बायका पांढऱ्या ओळीत उभ्या होत्या. सुकन्या मात्र ओळीत नव्हती. ती सरांच्या शेजारी उभी होती, आणि तिच्या कमरेला पिवळ्याच्या पुढचा, हिरवा पट्टा होता.

म्हणजे मैत्रीण खरंच होती तर! आता तिला शोधायचं कसं? शंकर पिशवी छातीशी धरून दारातूनच एकेकीचे पाय न्याहाळू लागला. कुणाची पँट पोटरीवर चढलेली, कुणाची जमिनीवर लोळणारी. शेवटच्या बाईपाशी त्याची नजर थांबली. आपल्या घरच्या मशीनची टीप त्यानं लांबूनही ओळखली. शिलाई बरोबर घोट्यावर होती. कमरेत ओढ नव्हती, बाही मनगटावर येऊन थांबलेली. दोरीशिवाय माप असं चोख बसलेलं त्यानं आजवर पाहिलं नव्हतं.

सुटलो एकदाचा, म्हणत त्यानं समाधानानं मान वर केली. सरस्वतीनं त्याच्याकडे बघितलं आणि मूठ कमरेशी आवळली.