गाडीचा विषय

“आज गाडीचा विषय काढायचा नाही,” बायकोनं श्रीपतरावांना सकाळीच बजावलं होतं. लेकीची आधीची दोन स्थळं त्यांच्या फियाटपुराणापायी हातची गेली होती.

पण मुलाकडची मंडळी नेमकी अँबॅसेडरमधून उतरली. पोहे येईपर्यंत दोघे बाप अंगणात, दोन्ही गाड्यांची बॉनेटं उघडून उभे!

“दीड हजार सीसीचं इंजिन आहे आमचं,” मुलाचे वडील इंगवले म्हणाले.

“माझी फियाट अकराशेचीच, पण लिटरला दोन किलोमीटर जास्त देते.”

“डिकी बघा! अख्खं बिऱ्हाड मावतं.”

“बिऱ्हाडाला टेंपो असतो. गल्लीत वळवून दाखवा की!”

इंगवल्यांनी धाडकन बॉनेट आपटलं. श्रीपतरावांच्या बायकोनं दारातच कपाळाला हात लावला. हेही स्थळ गेलं!

तेवढ्यात मुलाच्या आईला हसू फुटलं. “पाच घरं पाहिली, सगळे ह्यांच्या होला हो करायचे. तोडीस तोड व्याही आज भेटले!”

“वरात मात्र अँबॅसेडरमधूनच निघणार,” इंगवले गुरगुरले.

श्रीपतराव फियाटकडं पाठ करून, तिला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, “चालेल. डिकी मोठीच आहे तुमची.”