करिष्माच्या गावी जाण्याआधी

"चाकांची बॅग नको आणू, आई," करिष्मा फोनवर सांगत होती. "इथं सारे दगडी चढ आहेत. घरापर्यंत गाडी येतच नाही. पाठीवरची बॅग आण."

पंचफुलाने वहीत लिहिलं, पाठीवरची बॅग. इकडे रिसाली गावातल्या घरात सकाळचे नऊच वाजले होते, तरी तिचे डोळे मिटत होते. फोन स्पीकरवर ठेवून ती नवऱ्याच्या, लहानूच्या, पलंगाच्या कडेला बसली होती. त्याला दोन चमचे पेज भरवायची, मग चमचा वाटीत ठेवून लेकीचं बोलणं टिपून घ्यायची. लहानूला अर्धांग होऊन तीन वर्षं झाली होती. रात्रीतून दोनदा उठून त्याची कूस बदलावी लागे.

"नळाचं पाणी नाही प्यायचं. घरी मोठी कॅन येते. अन् अर्धे रस्ते बोगद्यातून आहेत. चुकलीस तं घाबरू नको, कोणालेही माझा पत्ता दाखवजो."

"तिखट भेटते का मेक्सिकोत?"

"तुझ्याहून जास्त खातात. टेन्शन मत ले."

पंचफुलाने तेही लिहिलं. मग हळूच म्हणाली, "अमरदीपले जमन का पण बाबाचं? अंग पुसणं, कपडे बदलणं..."

"दादानं वीस दिवसांची सुट्टी घेतली ना. किती वेळा विचारशील?"

लहानूने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिकीट येऊन आठ दिवस झाले होते. तेव्हापासून या विषयावर त्याने अवाक्षर काढलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं. गुडघे दुखतात असं सांगून येत्या रविवारी लेकीला यायला नकार द्यायचा, हे तिने मनात ठरवून टाकलं होतं. लिहून घेत होती ती निव्वळ पोरीचं मन मोडू नये म्हणून.

"आता शेवटचं," करिष्मा म्हणाली. "गाव उंचावर आहे, आल्या-आल्या दम लागते. म्हणून पहिले दोन दिवस काहीच करायचं नाही. फक्त झोपायचं."

पेन थांबला.

"दोन दिवस?"

"हो."

"अन् सैपाक?"

"मी करीन."

"मले कोणी उठवणार नाही?"

मग करिष्मा म्हणाली, "नाही, आई. कोणीच नाही."

पंचफुला वहीच्या कोऱ्या ओळीकडे बघत राहिली. चार शब्दांचं काम होतं, पण हात चालेना. वाटीतली पेज निवून तिच्यावर साय धरू लागली.

लहानूने मान वळवली. शब्द जुळवायला त्याला वेळ लागायचा. ओठ दोनदा नुसतेच हलले.

"हे बी," तो म्हणाला, "लिहून घे."