पोर्टकारनचा शनिवार

इशबेलने पहिल्या खड्ड्यासाठी चेंडू मांडला, तेव्हा पोर्टकारन गोल्फ क्लबच्या पायऱ्यांवर अकरा पुरुष तिच्याकडे बघत उभे होते.

"आज शनिवार आहे," सेक्रेटरी गेडिस शेवटी म्हणाला.

"ठाऊक आहे."

"बायकांचा वार मंगळवार."

"मंगळवारी मी बंदरावर हेरिंग माशांची आतडी काढत असते. शनिवार तुमचा, रविवार देवाचा. मग मी खेळायचं कधी, मेल्यावर?"

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. गेडिस वळला.

"कप्तान, हे काम तुमचं. दुसऱ्या कोणाचं नाही. तुम्हीच काढा यांना बाहेर."

कप्तान फर्गस पायऱ्या उतरून आला. चाळिशीचा, उंच, बोलायला कमी. क्लबने त्याला कप्तान करून तीन महिने झाले होते.

"मॅडम, नियम जुना आहे. मोडलात तर सभासदत्व जाईल. कायमचं."

"वीस वर्षं सभासद आहे मी."

"तेच जाईल."

"जाऊ दे," इशबेल म्हणाली आणि तिने काठी फिरवली. चेंडू वाळूच्या टेकाडावरून सरळ निघून गेला.

बाईमाणसाला हाताला धरून ओढणं शक्य नव्हतं. म्हणून फर्गस तिच्याबरोबर चालू लागला. नऊ खड्ड्यांचं मैदान. प्रत्येक खड्ड्यापाशी तो पुन्हा तेच बजावायचा, ती मान हलवायची आणि खेळायची. बासष्ट वर्षांची बाई, पण वाऱ्याचा अंदाज तिच्याइतका गावात कोणाला नव्हता. समोरून वारा आला की ती चेंडू गवताला घासून काढायची.

चौथा खड्डा अगदी समुद्राच्या काठाला. लाटांचे तुषार अंगावर यायला लागले.

"मफलर नीट गुंडाळा, कप्तानसाहेब. छाती भरेल."

त्याने मुकाट्याने मफलर गुंडाळला.

सहाव्यापाशी तो थांबला. पायऱ्यांवरची माणसं इथून मुंग्यांएवढी दिसत होती.

"अजूनही मागे फिरा. मला हे करायला लावू नका."

"मी कुठे लावतेय? ते लावताहेत."

"कप्तान मी आहे."

"म्हणून तर म्हणते, करा. माझ्यासाठी नियम वाकवलात, तर जन्मभर तुमच्या तोंडावर फेकतील."

"आणि तुम्ही?"

"मी खेळायला आलेय. खेळून जाईन."

शेवटचा खड्डा पुन्हा क्लबच्या पायऱ्यांसमोर होता; तिथल्या हिरवळीवर पोचताच पावसाची सर आली. खड्ड्यातला झेंडा बारा पावलं लांब होता. इशबेलने कोटाच्या बाहीने तोंड पुसलं, खाली वाकली आणि चेंडू हलकेच ढकलला. तो वळण घेत गेला आणि खड्ड्यात पडला. टाळी कोणीच वाजवली नाही. एका म्हाताऱ्या कोळ्याने तेवढी डोक्यावरची टोपी काढली.

फर्गसने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "नियम मोडल्याबद्दल आपलं सभासदत्व आजपासून रद्द. आजन्म."

"ऐकलं," ती म्हणाली. आणि तिने काठी पिशवीत ठेवली.

गेडिसने फर्गसच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास. आम्हाला वाटलं होतं, कचराल."

फर्गसने कोटावरचा कप्तानपदाचा बिल्ला काढला आणि गेडिसच्या हातात ठेवला. मग तो आत गेला, स्वतःच्या काठ्या घेऊन बाहेर आला आणि सगळ्यांच्या मधून वाट काढत पुन्हा पहिल्या खड्ड्याकडे निघाला.

"चल, आई," तो म्हणाला. "अजून दोन तास उजेड आहे."