मधली रांग

युद्धकाळात लिव्हरपूलच्या नौदल केंद्रात व्यापारी ताफ्यांच्या रक्षणाचा सराव चाले. फरशीवर खडूने समुद्र आखलेला असे आणि शत्रूच्या पाणबुडीची बाजू मी, समोरच्या अधिकाऱ्याला माझी जागा दिसणार नाही अशी, खेळत असे. दुसऱ्या दिवशी ताफा घेऊन निघणाऱ्या कमांडर थॉर्नलींची मालवाहू जहाजं मी एकेक करून, सावकाश बुडवली.

"अगं पोरी, दया कर जरा! आहेस तरी कुठे तू?"

"तुमच्या ताफ्याच्या पोटात, सर. तुम्ही बाहेर शोधताय."

ते खो खो हसले. "इतक्या जहाजांच्या मधे शिरायचा वेडेपणा कुठली पाणबुडी करेल?"

 

"माझ्या बाबांचं जहाज जिने बुडवलं, तिने केला, सर. ते मधल्या रांगेत होतं. आणि राखणीला तुम्ही होतात."