झोका थांबेपर्यंत

"शेअर कर," असं मी बागेत लेकीला रोज सांगते. बादली असो, बॉल असो. या नव्या शहरात दिवसभरातलं माझं बोलणं तेवढंच.

आज ती वाळूतून उठली आणि झोक्यावरच्या मुलीपाशी गेली. "तुझी आजी शेअर कर ना. माझ्या आईशी कुणीच बोलत नाही."

मी धावत गेले. बाकावरच्या आजींना म्हटलं, "सॉरी हं काकू, काहीही बोलते ही."

त्या मुलीने मात्र विचार केला. "बरं. पण माझा झोका थांबेपर्यंतच हं!"

काकूंनी हसून शेजारची पिशवी मांडीवर घेतली. "बस गं. गाव कुठलं तुझं?"

कितीतरी दिवसांनी कुणीतरी काही विचारलं होतं. बसण्याआधी मी त्या पोरीला एक मोठ्ठा झोका दिला.