मागचं बटण

हर्षदची तर्जनी बोटीच्या दोरखंडात गेली, तेव्हा त्यानं गेमचा कंट्रोलर स्वतःच्या हाताला बेतून घेतला. तर्जनीचं बटण मागे, अनामिकेखाली. त्यावर तो स्पर्धा जिंकायचा. खेळ सुरू करण्याआधी ते बटण दोनदा दाबायचा, टक-टक. म्हणजे मला विचारायचा, "तयार?" मी बांगडी दोनदा वाजवायची, की सुरू.

त्याची बोट समुद्रातून परत आली नाही, त्याला आठ महिने झाले. आमची मुलगी, पूर्वी, त्यानंतर जन्मली.

आज दुपारी सासूबाई म्हणाल्या, "ह्यो कंट्रोलर त्याचे दोस्ताला देऊन टाक गो. मांडव्याला लाँचनं येतोय. बगून बगून डोलं गेलं तुजं."

"बरं, आई."

मी कंट्रोलरची बॅटरी काढली, तो खोक्यात ठेवला, खोका त्यांच्या हातात दिला.

त्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि खोक्यातून आवाज आला. टक-टक.

"काय वाजला गो?"

माझा हात मनगटाकडे गेला. मनगट मोकळं होतं. पूर्वीला टोचतात म्हणून मी बांगड्या काढून ठेवल्यात.

पुन्हा टक-टक. जरा घाईनं, मी चुलीपाशी असले की तो वाजवायचा तसं.

पूर्वीला हे कुणीच शिकवलेलं नाही. पाळण्यात तिनं हात उचलला. तिच्या मनगटातली चांदीची बिंदली दोनदा वाजली.

तसा खोका सासूबाईंच्या हातात थरथरू लागला, खेळ सुरू झाल्यावर कंट्रोलर थरथरायचा तसा.

त्यांनी तो छातीशी घट्ट धरला.