भारी तान

"बुवा घरी असतील ना हो?" डेल्फिननं तिसऱ्यांदा विचारलं.

"असतील म्हटलं ना, बाई. या वयात जातायत कुठे!" कंडक्टर हसला आणि त्यानं चांदीपच्या थांब्यावर घंटी मारली.

डेल्फिन उतरली. एका हातात शाल आणि नारळाची पिशवी, दुसऱ्या हातात सुकेळ्यांचा पुडा. केळी घरच्या वाडीतली, आईनं स्वतः सोलून वाळवलेली. गेल्या आठवड्यात तिचं गाणं आकाशवाणीवर पहिल्यांदा लागलं होतं. गावभर पेढे वाटून झाले होते. आभार मात्र एकाच माणसाचे मानायचे राहिले होते, आणि त्याला चांगला अकरा वर्षं उशीर झाला होता.

गोष्ट त्र्याहत्तर सालची. डेल्फिन तेव्हा अकरावीत होती. गाणं बरं म्हणायची, पण गाण्यापेक्षा गाणं संपल्यावर लोक काय म्हणतात याकडेच तिचे कान. "कसं झालं?" असं ती आईला विचारायची, शेजारच्या बेलाला विचारायची, चर्चमधून परतताना वाटेत भेटेल त्याला विचारायची. सगळे "छान" म्हणायचे. त्या छाननं तिचं पोट भरत नसे. त्या वयात कुणाचं भरतं?

त्या वर्षी शाळेच्या गायन स्पर्धेला परीक्षक म्हणून चांदीपचे मधूबुवा आले. भातशेती करणारा माणूस, शाळेची पायरी कधी चढला नव्हता, पण भजनात सगळा तालुका त्यांना मानायचा. स्तुती करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. बुवांनी नुसती मान डोलावली तरी गाणारा आठवडाभर मिरवायचा.

डेल्फिन जीव तोडून गायली आणि पडद्याआड जाऊन कान देऊन उभी राहिली. बुवा आज काही बोलले नाहीत तर पुन्हा म्हणून गायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

पडद्यापलीकडे बुवा हेडमास्तरांकडे झुकले.

"पोरीच्या आवाजात भारी तान हाय," ते म्हणाले.

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. मैदानामागच्या विहिरीशी जाऊन तिनं आनंदानं पोटभर रडून घेतलं. पहिला नंबर वर्गातल्या पॉलिनला मिळाला, दुसरा-तिसराही दुसऱ्यांनाच. डेल्फिनला त्याचं काही वाटलं नाही. नंबर काय, कुणालाही मिळतो!

तान म्हणजे नेमकं काय, हे तरी तिला कुठे धड ठाऊक होतं? तिनं चर्चमध्ये गाणी बसवणाऱ्या व्हिन्सेंट सरांना विचारलं.

"एका दमात स्वर पळवत न्यायचे," सर म्हणाले. "पण बाळ, आपल्या गाण्यांत कुठली आली तान?"

"मधूबुवा म्हणाले, माझ्या आवाजात आहे."

"मधूबुवा म्हणाले?" सरांनी हातातली वही मिटली. आठवड्याभरात त्यांनीच तिला वसईत प्रेमलताबाईंच्या शिकवणीला नेऊन बसवलं.

प्रेमलताबाईंनी दोन वर्षं तिला एकही तान घेऊ दिली नाही. "आधी गळा मोकळा सोड," एवढंच सांगायच्या. डेल्फिनला राग यायचा. पण परतताना ती बुवांचं वाक्य मनात घोळवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकल काढायची. पुढे कधीतरी, कुठल्याशा साध्या सकाळी, रियाज संपवून ती उठली आणि "कसं झालं?" हे विचारायचं विसरून गेली. ती खोड सुटली ती सुटलीच. गाणं झालं की तिचं तिलाच भरून पावल्यासारखं वाटायचं.

हे सगळं एका वाक्यानं दिलं होतं. त्या वाक्याचे उपकार कसे फिटणार?

ती पोचली तेव्हा बुवा ओटीवर टेकून बसले होते. दृष्टी अधू झाली होती, कान मात्र शाबूत.

"कोन आलंय गं, जिजा?" त्यांनी सुनेला हाक मारली.

"वसईच्या बाई हायेत, मामा. रेडिओवर गातात त्या."

"मग उभ्या का? बसव त्यांना, पानी दे."

डेल्फिननं पाणी घेतलं, बुवांच्या खांद्यावर शाल घातली आणि पाया पडली. बोलायचं घोकून आली होती, पण त्यातलं काहीच आठवेना. "बुवा, मी जी काही आहे ती तुमच्यामुळं," एवढंच कसंबसं म्हणाली.

"माझ्यामुळं? मी काय केलं? आधी गा बघू."

ती गायली. मांडीवर बोटांनी ताल धरून बुवा ऐकत राहिले. शेवटी तिनं एक लांब तान घेतली आणि अलगद समेवर आली. जिजा दारात सूप हातात धरून तशीच उभी होती. बुवांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

डेल्फिननं काही विचारलं नाही. आता विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिनं फक्त त्र्याहत्तर सालच्या स्पर्धेची आठवण करून दिली, पडद्याआड उभं राहून ऐकलेल्या त्या वाक्याची.

बुवांनी थोडा वेळ डोकं खाजवलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"आठवलं! मानेच्या शिरा ह्या एवढ्या फुगल्या व्हत्या तुझ्या. मी तवाच हेडमास्तरला बोललो, हिला दोन महिने गाऊ देऊ नका, घसा फाटेल पोरीचा." त्यांनी चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पन आता कसा मोकळा लागतो आवाज! पार गेला बघ तो तान."